म्हणे संस्कार नसलेलेच कामावर लबाडी करतात!

जुना_सुपरवायझर:
काल इथं एकानं लिहिलं, "ज्याच्या घरी संस्कार नाहीत तोच कामाच्या ठिकाणी लबाडी करतो." त्यावर लाइकचा पाऊस. डोकं उठलं म्हणून लिहितो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी अकरा वर्षं काढली. पहिल्यांदा डझनामागं पंचवीस ग्रॅम कमी भरले तेव्हा मालक म्हणाले, "ओलाव्याचा फरक आहे, चालतंय." मग तेच नाव पडलं. दोन वर्षांत ओलावा दोनशे ग्रॅमवर गेला आणि "आज ओलावा किती धरायचा?" हे मीच विचारायला लागलो. चोरी हा शब्द कुणाच्या तोंडी आलाच नाही. दर सोमवारी सिद्धेश्वराला जाणारा माणूस मी! बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हेच सांगून ठेवलंय: वाईट कामाला गोड नाव दिलं की मन टोचायचं थांबतं.

विजापूर_रोडवाला:
म्हणजे चूक मालकाची, ओलाव्याची, बंडुराची. तुमची सोडून सगळ्यांची. त्या कारखान्यात 'नाही' म्हणणारा एकही निघाला नाही?

जुना_सुपरवायझर:
निघाला. पॅकिंगमधला पोरगा. दिवाळीनंतर त्याला कामावर बोलावलं नाही.

हुतात्मा_पॅसेंजर:
मी पुण्यात एचआरमध्ये आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं 2016 मध्ये बाहेर आलं. टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती, सुमारे 5,300 जणांना काढलं. एवढ्या सगळ्या घरांत एकदमच संस्कार कमी पडले का?

विजापूर_रोडवाला:
टार्गेट सगळ्यांनाच असतं ताई. मिलग्रॅमचा शॉकचा प्रयोग तुम्ही लोक नेहमी तोंडावर मारता. साहेबानं सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे (खोटे) झटके कुठवर देतो, तो. 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. मग उरलेले 14 कुठल्या मातीचे होते?

हुतात्मा_पॅसेंजर:
त्याच प्रयोगाचा दुसरा प्रकार वाचा. सोबतच्या दोघांनी आधी नकार दिला, तर शेवटपर्यंत जाणारे 40 पैकी फक्त 4 उरले. माती तीच होती की.

चादर_गल्ली:
ग्रॅमचं काय घेऊन बसलात बे? बाहेरचा माल आणून त्यावर 'सोलापुरी' लेबल लावतेत, ती लबाडी नाही का? चादरीला 2005 पासून जीआय आहे, म्हणजे सोलापूरच्याच मालाला ते नाव लावायचा हक्क. कोण विचारतंय?

शेंगाचटणी:
लेबल नंतर. आमची आई विड्या वळायची. कारखान्यातून पान कमी यायचं, उरलेलं पदरचे पैसे घालून आणायचं. हजार विड्या नेल्या की चेकर मूठभर विड्या खराब, 'छाट' म्हणून बाजूला काढणार, मजुरी कापणार, वर छाट परत देणार नाही. संध्याकाळी आई पायऱ्यांवर बसून रडायची. त्या चेकरच्या कपाळाला रोज भस्म असायचं. संस्कार म्हणे!

विजापूर_रोडवाला:
तोंड सांभाळून. माझे वडील चेकर होते. छाट कमी निघाली की त्यांच्याच पगारातून कापायचे. घरात चार पोरं होती. काय करणार होता माणूस?

शेंगाचटणी:
वा! तुमच्या वडिलांची ती परिस्थिती, बाकीच्यांचे ते संस्कार.

चादर_गल्ली:
लागली बे! पण लेबलाचं कुणी बोलंना.

विजापूर_रोडवाला:
(दोन तासांनी) बरं. वडिलांपुरतं तुमचं खरं धरतो. पण सुपरवायझरसाहेबांच्या घरात कोण उपाशी होतं ते सांगावं.

जुना_सुपरवायझर:
कुणीच नाही. त्या वर्षी नवी मोटारसायकल घेतली मी.

हुतात्मा_पॅसेंजर:
आणि त्या पोराचं काय झालं?

जुना_सुपरवायझर:
मागच्या महिन्यात सात रस्त्याला दिसला, चहाच्या गाड्यावर. त्यानं हात केला. मी सिग्नल सुटल्यासारखं करून पुढं निघालो.

चादर_गल्ली:
सिग्नल लाल होता ना?