डीएचई स्टेनिंगमध्ये अख्खी लिम्फ ग्लँड लाल येतेय, मदत हवी आहे (तातडीने!)

लालेलाल: पुण्यात एमेस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) लिम्फ ग्लँडमधलं, म्हणजे अळीच्या रक्तपेशी बनवणाऱ्या अवयवातलं, आरओएस (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू) बघायचंय. डीएचई हा डाय आरओएस असेल तिथे लाल चमकतो. मेड्युलरी झोन (आतला, पूर्वज पेशींचा) लाल, कॉर्टिकल (बाहेरचा, पिकलेल्या पेशींचा) काळा असं दिसायला हवं. मला सगळंच लाल दिसतंय, कंट्रोलसुद्धा. तीनदा केलं. सोमवारी कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा स्लॉट आहे, गेला तर थेट पुढचा महिना. "पेपर वाच" सांगू नका, वाचलाय.

खोडरबर: लार्व्हे किती तापमानाला वाढवले? डाय किती, किती वेळ? आधी फिक्स की आधी स्टेन? काहीच लिहिलं नाहीयेस.

लालेलाल: थर्ड इन्स्टार (अळीची शेवटची अवस्था), 25 डिग्री. बाकी नेहमीसारखंच.

खोडरबर: कोणाच्या नेहमीसारखं?

उंदीरमामा: मुळात पूर्वज पेशी लाल का दिसाव्यात? रक्ताच्या मूळपेशी मज्जेत कमी ऑक्सिजनच्या कोपऱ्यात बसतात, त्यांच्यात आरओएस कमीच. 2004 मधलं एटीएम हे जनुक नसलेल्या उंदरांवरचं काम बघा. आरओएस वाढलं आणि मूळपेशी संपत गेल्या, एनएसी हे अँटिऑक्सिडंट दिल्यावर सावरल्या. डीसीएफडीए (आरओएसचाच दुसरा डाय) लावा, फ्लो सायटोमेट्री (पेशी सुट्या करून एकेक मोजणं) करा, मोकळे व्हा.

खोडरबर: मामा, इथे माशी चाललीय. ओवुसू-अन्सा आणि बॅनर्जी, नेचर, 2009. माशीत पूर्वज पेशींतच आरओएस जास्त. उतरवलं तर डिफरन्सिएशन (पेशी पिकणं) रेंगाळतं, वाढवलं तर पेशी वेळेआधीच पिकतात. आणि फ्लोसाठी ग्लँड फोडल्यावर कुठली पेशी कुठल्या झोनची, हे कसं कळणार?

उंदीरमामा: म्हणजे उंदीर चूक?

खोडरबर: दोघंही बरोबर. माशीच्या त्या पेशी तुमच्या मूळपेशींच्या नाही, मायलॉइड पूर्वजांच्या पंगतीतल्या. तिथे उंदरातही आरओएस चढलेलंच असतं.

पेठकर_काका: आरओएस वाढलं असेल तर रोज उपाशीपोटी आवळ्याचा रस घ्यावा. मला गुण आला.

लालेलाल: काका, माशीला वाढलंय.

पेठकर_काका: मग माशीला पाजा.

मक्याचं_पीठ: विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात तुमच्या फ्लाय फूडला बुरशी येते का? आम्ही प्रोपिऑनिक ॲसिड घालतो तरी येते. मंडईतलं पीठ वाईट की आमचं नशीब?

खोडरबर: वेगळा धागा काढा हो. लालेलाल, डाय?

लालेलाल: 30 मायक्रोमोलर, पाच मिनिटं, अंधारात. तीन वॉश, मग थोडं फिक्स, लगेच इमेज. स्टॉक सिनियरने डिसेंबरात डीएमएसओ या द्रावकात बनवला होता, त्याच ट्यूबमधून घेतेय. गुलाबीसर आहे. तशीच असते ना?

खोडरबर: अगं बाई! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंस. गुलाबी म्हणजे डाय ट्यूबमध्येच ऑक्सिडाइझ झालाय. तो आता पेशीत शिरला की सरळ डीएनएला चिकटतो, म्हणजे तू आरओएस नाही, नुसते न्यूक्लियस मोजतेयस. दर वेळी तीच ट्यूब वितळवून परत गोठवली असणार. नवी पावडर घे, कोरड्या डीएमएसओत विरघळव, छोटे अलिकोट (एकेका वेळेपुरते भाग) कर, फॉइलमध्ये गुंडाळ.

उंदीरमामा: पटलं. सोबत एक एनएसी दिलेला आणि एक डाय न लावलेला नमुना ठेव, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येईल.

लालेलाल: नवी पावडर आहे, पण सिनियरच्या बॉक्समध्ये, आणि त्या फ्रीजरला कुलूप आहे. तो लग्नाला कोल्हापूरला गेलाय, फोन उचलत नाहीये.

पेठकर_काका: कुणाचं लग्न?