मदत हवी आहे: कार सेल्सच्या ट्रेनिंगला पैसे भरू का? नंतर शोरूममध्ये लावतो म्हणतायत

चौथा_गिअर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज.

मी मोबाईलच्या दुकानात काउंटरला आहे. विकायचं काम जमतं, गिऱ्हाईकाशी बोलायला आवडतं, पण पगार आहे तिथेच अडकलाय आणि आता लोक फोन आमच्याकडे येऊन हातात घेऊन बघतात आणि ऑर्डर ऑनलाइन करतात, त्यामुळे इथे फार दिवस काढण्यात अर्थ नाही हे कळतंय. गाड्यांचं वेड लहानपणापासून. कुठली गाडी रस्त्याने गेली की मॉडेल, इंजिन, व्हेरियंट सगळं तोंडावर असतं, घरचे वैतागतात.

तर एका इन्स्टिट्यूटची जाहिरात दिसली, कार सेल्स प्रोफेशनल कोर्स, सहा आठवड्यांचा, शेवटी सर्टिफिकेट आणि डीलरशिपमध्ये प्लेसमेंट. फी साधारण माझ्या दोन पगारांएवढी आहे. डेमो लेक्चरला जाऊन आलो. सर बोलायला एकदम भारी होते, टाळ्याबिळ्या वाजवून घेतल्या, भिंतीवर सगळ्या मोठ्या कंपन्यांचे लोगो लावलेत आणि एका बाजूला त्या जगात सगळ्यात जास्त गाड्या विकणाऱ्या अमेरिकन माणसाचा मोठा फोटो, जो जिरार्ड. सर म्हणाले आमच्याकडून शिकलात तर तुम्ही पण. नंतर काउन्सेलर मॅडम म्हणाल्या शनिवारपर्यंत भरले तर डिस्काउंट, मग पूर्ण फी.

मला विचारायचंय ते असं की शोरूमवाले असलं सर्टिफिकेट बघतात का? फ्रेशरला त्याशिवाय उभं करतात का? कोणी केलाय का असा कोर्स? बायको म्हणते आधी विचार, मग भर, म्हणून विचारतोय.

उंटावरचा_शहाणा

शनिवारपर्यंतच डिस्काउंट असेल तर रविवारी भरायला जा. देतात की नाही बघ.

किल्ली_हरवली

मी डीलरशिपमध्येच आहे, आधी सेल्स कन्सल्टंट होते, आता टीम लीडर, त्यामुळे इंटरव्ह्यूला बसते. जे बघितलंय ते सांगते.

आमच्याकडे फ्रेशर घेताना सर्टिफिकेट मी तरी कधी मागितलं नाही. कोणी फाईलमध्ये लावून आणलं तर बघते आणि बाजूला ठेवते. बघतो काय, तर ड्रायव्हिंग लायसन्स आहे का आणि गाडी खरंच चालवता येते का. हे ऐकायला साधं वाटतं पण निम्मी मंडळी इथेच गळतात. आमचे मॅनेजर बोलता बोलता किल्ली हातात देतात आणि म्हणतात ती मागच्या रांगेतली गाडी जरा पुढे आणून लावा. स्टॉकयार्डमध्ये गाड्या आरसा आरशाला लागेल अशा उभ्या असतात, रिव्हर्समध्ये काढायची, समोर खांब. जो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो, आरसे उघडतो, सीट पुढेमागे करतो आणि मग स्टार्टर मारतो तो पास. जो एकदम बसून रिव्हर्स टाकतो त्याला चहा पाजून घरी पाठवतो 😄 कारण उद्या हा गिऱ्हाईकाला शेजारी बसवून टेस्ट ड्राइव्हला जाणार असतो.

दुसरं म्हणजे बोलणं, त्यापेक्षा ऐकणं. तुम्ही लिहिलंय की सगळे व्हेरियंट तोंडावर आहेत, चांगलं आहे, पण जपून. गाडीवेडे लोक गिऱ्हाईकाला टॉर्क सांगत बसतात आणि त्याला विचारायचं असतं की माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला मागे चढता येईल का.

आणि मुख्य म्हणजे गाडीचं ट्रेनिंग लागल्यावर मिळतंच. गाडी बनवणाऱ्या कंपन्या आपल्या डीलरच्या माणसांना स्वतः ट्रेन करतात. नवीन मॉडेल आलं की परत. वॉकअराउंड कसा द्यायचा, म्हणजे पुढून सुरुवात, मग बॉनेट, बाजू, डिकी, मागची सीट, शेवटी ड्रायव्हर सीट, प्रत्येक ठिकाणी काय बोलायचं, हे सगळं त्यांच्या पद्धतीने शिकवतात. कंपनी बदलली की पद्धत बदलते. मग बाहेर पैसे भरून शिकलेलं अर्धं तर विसरायलाच लागतं.

निवांत_नाना

जो जिरार्डचा फोटो लावलाय म्हणता, तर त्याचीच गोष्ट ऐका. हा डेट्रॉइटचा माणूस. आधी घरं बांधायच्या धंद्यात होता, तो बुडाला, कर्ज झालं आणि १९६३ साली वयाच्या पस्तिशीत शेव्हरोलेच्या डीलरकडे नोकरीला लागला. कार विकायचा अनुभव शून्य. तिथून १९७८ पर्यंत त्याने १३,००१ गाड्या विकल्या, एकट्या १९७३ मध्ये १,४२५, आणि त्या सुद्धा एकेका गिऱ्हाईकाला, कंपन्यांना घाऊक नाही. गिनीजमध्ये नोंद आहे. जुन्या गिऱ्हाईकांना दर महिन्याला ग्रीटिंग कार्ड पाठवायचा, त्यातून परत परत धंदा यायचा. म्हणजे सगळी कमाल फॉलोअपची.

आता मजा बघा, गाड्या विकायचं सोडल्यावर हाच माणूस सेल्सवर भाषणं देत आणि पुस्तकं लिहीत फिरला. म्हणजे शिकवण्यात पण पैसा आहे हे त्याला कळलं होतं. तुमच्या सरांना पण कळलेलं दिसतंय.

पंक्चरवाला

नानांचा प्रतिसाद आवडला पण एवढं एकतर्फी नका होऊ. मी असाच एक कोर्स केला होता, नोकरीही लागली. माझी अडचण वेगळी होती, मी बोलायला लाजायचो, फोनवर अनोळखी माणसाशी बोलताना घाम फुटायचा. तिथे रोज मॉक कॉल करून घ्यायचे, कोणी चिडलेलं गिऱ्हाईक व्हायचं, कोणी घासाघीस करणारं, आणि सगळ्यांसमोर चुका काढायचे. त्याचा उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. आता नोकरी कोर्समुळे लागली का हे मला सांगता येणार नाही, कारण इंटरव्ह्यू मी स्वतःच शोधलेला, त्यांनी पाठवलेल्या दोन ठिकाणी जागाच नव्हत्या. माझं म्हणणं गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, शिकलेलं वाया जात नाही.

उंटावरचा_शहाणा

@पंक्चरवाला दोन पगारांचं गाजर आहे ते. आणि धागाकर्ता रोज काउंटरला उभा राहून विकतोय, त्याला कुठे लाज आहे?

पंक्चरवाला

हे बरोबर. त्याच्यासाठी नाही मग.

सीमापार

मी परदेशात असतो, थोडी वेगळी बाजू टाकतो. काही ठिकाणी कार विकायला सरकारी लायसन्स किंवा नोंदणी लागते. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात ओम्विक म्हणून नियामक संस्था आहे, तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय डीलरकडे सेल्सपर्सन म्हणून काम करता येत नाही आणि नोंदणीच्या आधी ठरलेला कोर्स पास व्हावा लागतो. कॅलिफोर्नियात तिथल्या मोटार वाहन खात्याकडून सेल्सपर्सन लायसन्स घ्यावं लागतं, बोटांचे ठसे वगैरे देऊन. अशा ठिकाणी जे कायद्याने लागतं त्याला पैसे घालायचे, पर्याय नाही. पण मग तो कोर्स कुठला ते नियामक संस्थाच सांगते. म्हणून पहिला प्रश्न हा की तुम्ही राहता तिथे असं काही सक्तीचं आहे का. नसेल तर ते सर्टिफिकेट म्हणजे इन्स्टिट्यूटने स्वतःच छापलेला कागद.

अजून एक. नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडूनच पैसे घेणं यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार आहे, क्रमांक १८१, त्याच्या सातव्या कलमात खाजगी नोकरी एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडून कसलीही फी घेऊ नये असं लिहिलंय. काही अपवाद आहेत आणि ज्या देशांनी तो मान्य केला त्यांच्यापुरताच तो बंधनकारक. पण त्यामागचा विचार लक्षात घ्या, माणसं ज्याला हवीत त्याने खर्च करायचा. आणि म्हणूनच ही मंडळी पावतीवर प्लेसमेंट फी लिहीत नाहीत, ट्रेनिंग फी लिहितात. नोकरी लागली नाही तरी ट्रेनिंग दिलंच होतं म्हणायला मोकळे.

चौथा_गिअर

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद. सीमापार, इथे असं काही लायसन्स लागत नाही, विचारून घेतलं.

काल फॉर्म परत नीट वाचला, खाली बारीक अक्षरात लिहिलंय की इन्स्टिट्यूट तीन इंटरव्ह्यूंची संधी देईल आणि निवड हा सर्वस्वी डीलरचा अधिकार, फी कुठल्याही कारणाने परत नाही. आणि वर मोठ्या अक्षरात शंभर टक्के प्लेसमेंट 😐 मॅडमना फोन करून विचारलं की नोकरी लागल्यावर पगारातून फी कापून घ्याल का, तर म्हणाल्या तसं आमच्याकडे नसतं. मग विचारलं मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलायला मिळेल का, तर व्हिडिओ पाठवते म्हणाल्या.

किल्ली_हरवली

व्हिडिओ नको. भिंतीवर ज्या डीलरशिपचे लोगो आहेत त्यातल्या दोन-तीन ठिकाणी थेट फोन करा, रिसेप्शनला एचआर मागा आणि सरळ विचारा की अमुक इन्स्टिट्यूटमधून माणसं घेता का. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि बघा, लोगो कंपनीचे आहेत की डीलरचे? गाडी बनवणारी कंपनी वेगळी आणि शोरूम चालवणारा डीलर वेगळा, सेल्सची माणसं डीलर घेतो. कंपनीचा लोगो कोणी पण प्रिंट काढून चिकटवेल.

निवांत_नाना

ओरिजिनल मार्कशीट, सर्टिफिकेटं कोणाकडे ठेवू नका. इन्स्टिट्यूटकडे पण नाही आणि शोरूममध्ये पण नाही. झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवून परत पिशवीत.

चौथा_गिअर

अपडेट देतो. लोगो सगळे कंपन्यांचेच निघाले, डीलरचं एकाचंही नाव नाही. तरी आसपासच्या डीलरशिपना फोन केले. एका ठिकाणी एचआर म्हणाले हो त्यांच्याकडून बायोडेटा येतात आम्हाला, पण ते बाकीच्यांच्या गठ्ठ्यातच टाकतो, वेगळं काही नाही. दुसरीकडे नावच ऐकलेलं नव्हतं. पण खरी गंमत पहिल्या ठिकाणी झाली, त्यांनी विचारलं तुम्ही सध्या काय करता, मी सांगितलं मोबाईल सेल्स, तर म्हणाले मग लायसन्स घेऊन येऊन भेटा की, रिटेलचा अनुभव चालतो. म्हणजे फुकटात इंटरव्ह्यू मिळाला, मी आपला चौकशीला फोन केलेला!

पैसे भरत नाहीये, ठरलं. आता ताई आणि बाकीचे, मला हे सांगा की तिथे गेल्यावर मी काय काय विचारून घेऊ? फिक्स्ड पगार इथल्यापेक्षा कमी असेल असं फोनवरच कळलं, वर इन्सेंटिव्ह म्हणे.

सीमापार

फिक्स्ड आहे म्हणतात ते खरंच फिक्स्ड आहे का ते पहिलं. अमेरिकेत बऱ्याच डीलरशिपमध्ये ड्रॉ नावाचा प्रकार असतो, महिन्याला ठरावीक रक्कम हातात पडते, नवीन पोराला वाटतं पगार झाला, पण ती असते पुढच्या कमिशनवरची उचल. गाड्या कमी विकल्या की बाकी पुढच्या महिन्यात सरकते. तुमच्याकडे दुसऱ्या नावाने असू शकतं.

पंक्चरवाला

ट्रेनिंग बाँड विचार. कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवतात आणि कधी कधी लिहून घेतात की अमुक महिन्यांच्या आत सोडलं तर खर्च भरून द्यायचा. म्हणजे बाहेर वाचवलेली फी आत जायला नको.

किल्ली_हरवली

अभिनंदन, अर्धं काम झालं. आता विचारायचं ते असं. प्रोबेशन किती आणि प्रोबेशनमध्ये इन्सेंटिव्ह लागू आहे का, कारण काही ठिकाणी पहिले महिने नवीन माणूस गाड्या विकतो आणि नाव लागतं सीनियरचं. शोरूममध्ये चालत येणारं गिऱ्हाईक कोणाला द्यायचं याची पाळी कशी लावतात, नवीन माणसाला नुसत्या जुन्या फोन नंबरांच्या याद्या देऊन बसवत नाहीत ना. इन्सेंटिव्ह नुसत्या गाडीवर आहे की फायनान्स, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज, एक्सचेंज यावर पण, कारण खरा पैसा बऱ्याचदा त्यातच असतो. स्लॅब कसा आहे, म्हणजे टार्गेटला एक गाडी कमी पडली तर सगळंच जातं की जेवढ्या झाल्या तेवढ्याचं मिळतं. टेस्ट ड्राइव्हला गाडी घासली तर खर्च कोणाच्या माथी, हे पण विचारा, लाजू नका, चांगल्या मॅनेजरला हा प्रश्न आवडतो.

आणि एक गोष्ट लेखी घ्या. इन्सेंटिव्ह बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीवर धरतात, बुकिंगवर नाही. गाडीला वेटिंग असेल तर आज तुम्ही घेतलेलं बुकिंग काही महिन्यांनी डिलिव्हर होणार, मध्येच तुम्ही सोडलं किंवा तुमची बदली झाली तर त्या गाड्यांचं काय, ते ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर असू दे. आमच्याकडच्या एका मुलाची जाताना बरीच बुकिंग पेंडिंग होती आणि त्यावरून महिनाभर वाद चालला, शेवटी त्याला निम्मेच मिळाले.

चौथा_गिअर

ताई, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. सोमवारी बोलावलंय. तोपर्यंत मित्राची गाडी घेऊन रिव्हर्सची प्रॅक्टिस करतो, खांब शोधून.