मदतनिधीसाठीच्या दौडीत धावायचे आहे, पण आयोजकांविषयी शंका आहे – सल्ला हवा

नमस्कार,

पाच आठवड्यांनी होणाऱ्या १० किलोमीटरच्या एका दौडीसाठी मी नाव नोंदवले आहे. ज्यांना डायलिसिसचा खर्च झेपत नाही अशा रुग्णांसाठी या दौडीतून निधी उभा करणार असल्याचे आयोजकांनी जाहीर केले आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे डायलिसिस तीन वर्षे चालू होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास मी तिच्याजवळ बसत असे. शेजारच्या खाटेवरचा नेहमीचा रुग्ण एखाद्या दिवशी दिसला नाही, तर तो तब्येतीमुळे आला नाही की पैशांमुळे, हे विचारायचा धीर आम्हा दोघींनाही होत नसे. ताई गेल्यानंतर मी धावायला लागले आणि या कामासाठी दौड आहे असे कळताच क्षणाचाही विचार न करता नाव दिले. तो विचार तेव्हा करायला हवा होता, असे आता वाटते.

माझ्या शंकेचे कारण सविस्तर सांगते, म्हणजे मी उगाच संशय घेत असेन तर तसेही आपल्याला सांगता येईल. दौडीच्या जाहिरातीत 'जमा रकमेचा काही भाग' रुग्णांसाठी दिला जाईल असे लिहिले आहे. हा भाग म्हणजे किती, असे मी लेखी विचारले, तेव्हा तीन दिवसांनी आलेल्या उत्तरात माझे आभार मानले होते आणि टी-शर्टचे माप कळवायला सांगितले होते. मागच्या वर्षीच्या दौडीचा हिशेब कुठेही प्रसिद्ध केलेला नाही. मोठ्या आकाराचा धनादेश हाती धरलेले एक छायाचित्र तेवढे आहे. या वर्षीच्या फलकावर ज्या रुग्णसाहाय्य संस्थेचे नाव आहे, तिच्या कार्यालयात मी शेवटी स्वतःच फोन केला. मागच्या वर्षी रक्कम मिळाली होती, पण या वर्षीच्या दौडीविषयी आमच्याशी अजून कोणी बोललेले नाही, असे तिथल्या बाईंनी अगदी सरळपणे सांगितले. शिवाय माझ्या नावाने लोक जी देणगी भरत आहेत, तिची पावती त्या संस्थेच्या नावाने नव्हे, तर दौडीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीच्या नावाने येते.

दौडीला खर्च येतो याची मला जाणीव आहे. वेळ मोजण्याच्या चिप, रुग्णवाहिका, पाणी, रस्त्याची परवानगी, पदके या सगळ्याला पैसे लागतात आणि माझे नोंदणी शुल्क त्यातच संपले तरी माझी काही तक्रार नाही. आयोजक निष्काळजी आहेत असेही मी म्हणणार नाही, कारण वाटेत डॉक्टर आणि पाणी कुठे कुठे असेल हे विचारल्यावर त्यांनी त्याच दिवशी नकाशासह उत्तर पाठवले होते. खरे सांगायचे तर त्यामुळेच माझा निर्णय होत नाही. शुल्क आणि देणगी हे दोन्ही पैसे एकाच खात्यात जातात, आणि त्यातले रुग्णांपर्यंत किती पोहोचणार हे सांगायला कोणी तयार नाही, एवढाच माझा आक्षेप आहे. हे वेगळे ठेवणे व्यवहारात जमत नाही, असे मला एका अनुभवी धावपटूने सांगितले, पण ते पटत नाही. कर्करोगामुळे एक पाय गमावलेल्या कॅनडाच्या टेरी फॉक्स या तरुणाने १९८० साली कृत्रिम पायावर धावत कर्करोग संशोधनासाठी निधी गोळा केला, आणि आपल्या धावण्याचा वापर कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीसाठी होऊ द्यायला नकार दिला. त्याच्या नावाने १९८१ पासून होणाऱ्या दौडीला प्रवेश शुल्कच नसते. ज्याला जे द्यायचे असेल ते तो देतो. प्रत्येक आयोजकाला हे जमेल असे नाही, पण दोन रकमांचे दोन आकडे सांगणे तरी नक्कीच जमेल.

प्रश्न माझ्या एकटीचा असता, तर मी शुल्क सोडून दिले असते. माझ्या शब्दावर चौतीस जणांनी देणगी कबूल केली आहे आणि त्यांपैकी अकरा जणांनी ती भरलीही आहे. त्यांत ताईच्या सासूबाई आहेत, ज्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून पैसे दिले आणि रक्कम कोणाला सांगू नकोस असे मला बजावले. दुसरीकडे, माझ्याबरोबर सराव करणाऱ्या चौघी मैत्रिणी आहेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांना सलग दोन मिनिटेही धावता येत नव्हते आणि आता त्या माझ्यापेक्षा उत्साहाने सराव करतात. धावणे आपले, हिशेब त्यांचा, असे त्यांतली एक म्हणते. स्वतःचेच पैसे असते तर मीही तसे म्हटले असते, पण दुसऱ्यांकडून मागून आणलेल्या पैशांबाबत मला तसे म्हणवत नाही.

सध्या माझ्या मनात असे आहे की, नोंदणी झालेलीच आहे तर मैत्रिणींबरोबर धावावे, पण राहिलेल्या तेवीस जणांना दौडीच्या दुव्यावरून पैसे न भरता थेट त्या संस्थेकडे भरून तिचीच पावती घ्यायला सांगावे. मात्र यात दोन अडचणी दिसतात. माझ्या धावण्यामुळे दौडीची गर्दी वाढणार आणि पुढच्या वर्षीच्या जाहिरातीला बळ मिळणार, हे मला खटकते. आणि आधी पैसे भरलेल्या अकरा जणांना काय सांगावे, हे तर मुळीच सुचत नाही.

आपल्यापैकी कोणी आयोजकांकडून असा हिशेब लेखी मागून मिळवला आहे का, आणि त्यासाठी पत्र कसे लिहिले होते? भरलेली देणगी परत मागता येते का, किंवा ती परस्पर संस्थेकडे वळवून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? माझ्याकडे पुरावा नाही, केवळ अनुत्तरित प्रश्न आहेत. अशा वेळी देणगीदारांना खरी परिस्थिती सांगताना आयोजकांवर आरोप होणार नाही असे कसे लिहावे? कोणी दौडीचे आयोजन केले असेल, तर त्यांचे मत मला विशेष हवे आहे, कारण हिशेब न सांगण्यामागे मला न दिसणारे एखादे साधे कारणही असू शकेल.

दौडीचे वा आयोजकांचे नाव कृपया विचारू नये. त्यांचे उत्तर येईपर्यंत ते इथे देणे मला योग्य वाटत नाही. दुसरे पत्र मी काल पाठवले आहे आणि त्यात संस्थेचे संमतिपत्र दाखवण्याची विनंती केली आहे. नाव मागे घेण्याची मुदत येत्या रविवारी संपते, त्यामुळे त्याआधी मिळालेल्या सल्ल्याचा मला सर्वांत जास्त उपयोग होईल.