मारामारीची पानं : वाचलेली, लिहिलेली (एक ऑनलाइन चर्चा)

धागाकर्ती

मी रहस्यकथा आणि साहसकथा लिहिते. मुलाखतीत, संमेलनात, अगदी लग्नाच्या पंगतीतही मला एक प्रश्न हमखास येतो : 'गंभीर काही कधी लिहिणार?' मला हेच लेखन गंभीर वाटतं. गच्चीवर दोन माणसांची झटापट चाललीय आणि कठडा गुडघ्याइतकाच आहे हे वाचकाला आधीपासून ठाऊक आहे, एवढं साधायला कधी कधी आठवडा जातो.

वेग क्रियापदांत नसतो, असं माझं ठाम मत आहे. 'झेप घेतली, ठोसा हाणला, तो कोलमडला' अशी रांग लावली की पान पळतं, वाचक जागच्या जागी राहतो. दार आत उघडतं की बाहेर, दिव्याचं बटण कुणाच्या हाताशी आहे, कुणाचा गुडघा जुना दुखरा आहे, आणि आज हा माणूस हरला तर त्याचं नेमकं काय जाणार, हे सगळं आधीच्या शांत पानांत, चहापाण्याच्या गप्पांत पेरून ठेवावं लागतं. मग ऐन वेळी वर्णनाची गरज उरत नाही. 'लाथ त्याच गुडघ्यावर बसली' एवढ्या वाक्याने वाचकाच्या तोंडून 'आई गं' निघतं.

'दुनियादारी'मुळे सुहास शिरवळकरांचं नाव घेणारे पुष्कळ आहेत. माझ्यासारख्या कित्येकांना मात्र ते आधी भेटले दारा बुलंद, मंदार पटवर्धन आणि फिरोज इराणी या त्यांच्या रहस्यकथांतल्या नायकांमुळे. ती पुस्तकं एका बैठकीत संपायची, आणि संपल्यावर मी मागे जाऊन शोधायचे की मला नेमकं कुठे पकडलं होतं. ते ठिकाण बहुतेक वेळा मारामारीच्या पानावर नसायचं, त्याच्या बरंच आधीच्या पानांत असायचं.

तुमचे अनुभव सांगा. वाचक, लेखक, छापणारे, पुस्तकं भाड्याने देणारे, सगळ्यांचे हवेत. कुठलं पान अजून आठवतं, आणि ते का टिकलं?

गॅलीप्रूफ

मी छापखान्यात कंपॉझिटर होतो. एकेका अक्षराचे खिळे हाताने जुळवायचा जमाना. रहस्यकथेचं काम आलं की आमच्याकडे एक अडचण ठरलेली : उद्गारचिन्हं संपायची. शेजारच्या केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खोक्यातून, उसनी आणायची, नाहीतर आधी जुळवलेली पानं छापून खिळे मोकळे होईपर्यंत थांबायचं.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. कंपॉझिटर मजकूर अक्षर-अक्षर उलटा वाचतो, अर्थाकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. तरी काही लेखकांच्या हस्तलिखितात हात थांबायचा आणि आम्ही पुढचं पान चाळून बघायचो, गोष्टीतल्या पोरीचा जीव वाचला का. ज्या पानांवर उद्गारचिन्हं कमी असायची तिथेच हे व्हायचं. धागाकर्तीताईंचं म्हणणं मला या अनुभवावरून पटतं.

मिरजेची लायब्ररी

आमच्या घरची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. डिपॉझिट ठेवायचं, पुस्तकाला दिवसाचं भाडं. बाबूराव अर्नाळकरांची छोटेखानी पुस्तकं सकाळी गेली की संध्याकाळी परत, कारण दुसऱ्या दिवसाचं भाडं कुणाला नको असायचं. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. गुरुनाथ नाईकांचे नायक कॅप्टन दीप आणि गोलंदाज. लोक पुस्तकाचं नाव सांगतच नसत, 'काळा पहाड नवा आलाय का?' असं विचारत.

इथे मला थोडं वेगळं मांडायचंय. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. इतक्या लिहिणारा माणूस दार कुठे उघडतं ते पेरत बसत नाही. पहिल्या पानावर प्रेत आणि दुसऱ्यावर मोटार! तरी गिऱ्हाईक दिवसभरात पुस्तक संपवून दारात उभं. मग तो वेग आला कुठून? मला वाटतं, झुंजार कसा वागेल हे वाचकाला आधीच्या शंभर पुस्तकांतून पाठ होतं. पेरणी झालेलीच होती, फक्त ती या पुस्तकात नव्हती.

मुलांना आणि बायकांना ही पुस्तकं घरात उघड वाचू देत नसत, तो भाग वेगळा. आमच्याकडे एक शिक्षिका यायच्या. वर ललित लेखसंग्रह ठेवायच्या आणि खाली दोन रहस्यकथा. वडील काही न बोलता तिन्हींची नोंद करायचे. त्यांना वाचणाऱ्या माणसाबद्दल फार आदर होता.

धागाकर्ती

मिरजकर, 'पेरणी आधीच्या पुस्तकांत झाली होती' हे फार मोलाचं सांगितलंत. मालिका लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं. एकच सुटी कादंबरी लिहिणाऱ्याला ती सोय नसते, त्याला सगळं त्याच दोनशे पानांत करावं लागतं.

खाकीतून निवृत्त

पोलिसात नोकरी झाली. साहसकथा तेव्हाही वाचायचो, आजही वाचतो. खरी मारामारी फार थोडा वेळ चालते आणि तिला आकार नसतो. शर्ट फाटतात, चपला निघतात, कोण कुणाला मारतंय कळत नाही. नंतर हात थरथरतात आणि तोंडाला कोरड पडते. बंद खोलीत गोळी सुटली तर कानात नुसतं गुंई होतं, समोरचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल चार किलोच्या घरातली असते. ती घेऊन पळा, मग कळेल.

लेखकांना एक विनंती आहे. डोक्यात फटका बसून अर्धा तास बेशुद्ध आणि मग उठून जीपमागे धावला, असं लिहू नका. अर्धा तास शुद्ध गेली तर तो माणूस इस्पितळात असतो. तुमचा नायक जिंकू दे, पण त्याला त्याची किंमत मोजू दे. आमच्यातल्या कितीकांनी ती मोजली आहे.

पोरासाठी मराठी, न्यू जर्सी

मुलाला रात्री फास्टर फेणे वाचून दाखवते. भा. रा. भागवतांचा बनेश फुरसुंगीचा, हडकुळा, सायकलवर स्वार. माझ्या मुलाने फुरसुंगी पाहिलेली नाही. पण पाठलाग सुरू झाला की तो मला थांबवून विचारतो, 'सायकल कुठे ठेवलीय त्याने?' आधी कुठे ठेवली ते आठवलं की हायसं वाटतं त्याला. नऊ वर्षांच्या वाचकाला नेमकं काय हवं असतं ते मला त्या प्रश्नातून समजलं.

आणखी एक. बनेशकडे ताकद नाही. तो डोळे उघडे ठेवतो म्हणून सुटतो. अशक्त मुलालाही साहस करता येतं, हे माझ्या मुलाला मराठीतून कळलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

रोज एक भाग

मी फोनवर क्रमशः कथा लिहिते. नायिका कबड्डीपटू आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भागात तिचं मनगट मोडतं. प्लास्टर लगेच काढायचं नाही असं ठरवलं. त्यामुळे पुढच्या प्रत्येक झटापटीत तिला पायांनी, खांद्याने, गर्दीचा आडोसा घेऊन लढावं लागलं, आणि मला नवीन काही सुचत गेलं. वाचक आता भाग सुरू व्हायच्या आधी विचारतात, 'हात कसा आहे तिचा?' खलनायकाबद्दल कुणी इतक्या काळजीने विचारत नाही.

सिंहगडाच्या वाटेवरून

नाथमाधवांचा उल्लेख व्हायलाच हवा. द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीच्या नादात ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर अधू झालं. कादंबरीकार म्हणून त्यांचं आयुष्य घडलं ते त्यानंतर. 'वीरधवल' कादंबरीतली घोडदौड, भुयारं आणि तलवारी अशा माणसाने लिहिल्या आहेत ज्याला स्वतः घोड्यावर मांड टाकता येत नव्हती. मी शाळेत शिकवतो. 'अनुभव नसेल तर लिहू नये' असं कुणी म्हटलं की मुलांना मी हे सांगतो. आणि हेही, की कडा म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं?

शेवटच्या बाकावरची

ताई, एक विचारू? तुम्ही झटापटीचा प्रसंग आधी लिहिता की त्याच्या आधीची शांत पानं?

धागाकर्ती

झटापट आधी. ती कच्ची लिहून काढते, वाटेल ती वस्तू हाताशी घेऊन : पाटा, पडद्याची दांडी, कुलूप. मग मागे जाते आणि प्रत्येक वस्तू आधी कुणीतरी साध्या कामासाठी वापरलेली दिसेल असं बघते. पाट्यावर सकाळी चटणी वाटली गेली पाहिजे. जी वस्तू आधीच्या पानांत बसत नाही ती झटापटीतून काढून टाकते, कितीही आवडली तरी. खाकीतल्या काकांचं वाचल्यापासून आता आणखी एक फेरी करणार आहे : झटापटीनंतरचं पान, थरथरणारे हात आणि तोंडाची कोरड धरून. तुम्ही लिहिताय का काही? लिहीत असाल तर तो प्रसंग इथेच टाका, आपण सगळे मिळून वाचू.