दुसऱ्याने ठोकलं, तरी नो क्लेम बोनस माझाच का जावा?

घाटरस्ता (धागाकर्ता)
सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला मागून कुणी ठोकलं, तर चूक कुणाची यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. तरीही दुरुस्तीसाठी आपल्या पॉलिसीवर क्लेम टाकला की पुढच्या रिन्युअलला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, थेट शून्यावर येतो. ज्याची चूक नाही त्याचा बोनस काढून घेणं अन्याय आहे आणि हा नियम बदलायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

बोनस मिळतो तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीसाठीचा हप्ता सरकार ठरवतं, त्याला क्लेमने धक्का लागत नाही. म्हणजे मार बसतो तो इथेच, आणि तो एका वर्षापुरता नसतो. ५० टक्क्यांवर असताना क्लेम केला तर पुढची पाच वर्षं अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत हुकते. बेरीज १२५ टक्के. अख्ख्या वर्षाचा ओन डॅमेज हप्ता आणि वर पाव हप्ता! एवढा भुर्दंड कशाबद्दल? सिग्नल पाळून थांबलो म्हणून?

हिशेबी
तुमचा आकडा बरोबर आहे. दरवर्षी गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) घटते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, एवढंच. पण मुळात क्लेम किती मिळतो तेही बघा. समजा बिल १७,००० चं आहे: बंपर ९,०००, रंगकाम ६,०००, मजुरी २,०००. बंपर प्लास्टिकचा, म्हणून साध्या पॉलिसीत घसाऱ्यापोटी निम्मे गेले, उरले ४,५००. रंगकामाच्या बिलाचा पाव भाग हा मटेरियलचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे ७५० कमी. मग १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० सक्तीची वजावट, म्हणजे आपणच सोसायची रक्कम. हातात आले १०,७५०. बोनस धरण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० असेल तर तुमच्याच हिशेबाने बोनसचं नुकसान १५,००० चं. खिशातून भरा आणि विषय संपवा. झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असेल तर १६,००० मिळतील, तरी जेमतेम बरोबरी.

विमा मोठ्या नुकसानीसाठी असतो, ओरखड्यांसाठी नाही.

मृद्गंध
@हिशेबी, तुमचं गणित मान्य, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. चूक दुसऱ्याची, हप्ता मी भरलेला, आणि शहाणपण कशात? तर १७,००० स्वतःच्या खिशातून घालण्यात! क्लेम करणं परवडत नाही म्हणून लोक करत नाहीत, हीच तर धागाकर्त्याची तक्रार आहे. तुम्ही तिला उत्तर दिलेलं नाही, उलट दुजोरा दिलाय.

सर्व्हेअर
बरीच वर्षं मोटार क्लेमचं काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हा बोनस ‘चूक न केल्याबद्दल’ मिळत नाही, ‘क्लेम न केल्याबद्दल’ मिळतो. कंपनीच्या तिजोरीतून पैसे गेले की नाही, एवढाच प्रश्न असतो. आणि असं का, ते क्लेम फॉर्म वाचले की कळतं. ‘गाडी उभी होती, अज्ञात वाहनाने धडक दिली.’ हे वाक्य इतक्या फॉर्मवर असतं की रस्त्यावर चालती गाडी कधी ठोकली जाते की नाही, असा प्रश्न पडावा. यातले काही जण खरंच सांगत असतात. पण बंपर बघून मला आघाताची दिशा कळते, उंची कळते, दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असेल तर तोही दिसतो. ब्रेक कुणी उशिरा मारला, ते कळत नाही. किरकोळ अपघाताचा पंचनामा होत नाही, साक्षीदार थांबत नाही. ‘चूक नसेल तर बोनस शाबूत’ असा नियम उद्या आला, तर परवापासून कुणाचीच चूक नसेल. सगळ्यांचा बोनस टिकला की मूळ हप्ता वाढणार, आणि तो भरणार कधीच क्लेम न करणारा माणूस.

घाटरस्ता
@सर्व्हेअर, अनुभवातून लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण पुरावा मिळणं कठीण म्हणून निर्दोष माणसालाही दोषीच धरायचं, हे मला मान्य नाही. आता डॅशकॅम आहेत, चौकाचौकात कॅमेरे आहेत. पुरावा देणं माझ्यावर टाका, हरकत नाही. नाही देऊ शकलो तर जाऊ दे बोनस. आज मात्र व्हिडिओ दिला तरी बोनस जातोच.

आणि हे अशक्य नाही. कॅलिफोर्नियात १९८८ साली मतदारांनी प्रपोझिशन १०३ मंजूर केलं. तिथे ज्या अपघातात चालकाची मुख्यतः चूक नाही, त्यासाठी हप्ता वाढवता येत नाही. विमा कंपन्या तिथे अजूनही धंदा करतायत.

पाचवा गिअर
ब्रिटनचंही उदाहरण घ्या मग. कंपनीने समोरच्याच्या विम्याकडून पूर्ण खर्च वसूल केला तर तिथे तुमची नो क्लेम सवलत सहसा टिकते. तरी मूळ हप्ता वाढू शकतो, कारण चूक नसलेले अपघातही कळवावे लागतात. कंपन्यांचा युक्तिवाद असा: ज्याला दुसरे वारंवार ठोकतात तो गर्दीच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळी चालवतो किंवा गाडी धोक्याच्या जागी लावतो. चूक नसली तरी जोखीम असतेच. मला यात तथ्य वाटतं. पुराच्या पट्ट्यात घर असणाऱ्याचीही काही चूक नसते, तरी त्याचा हप्ता जास्तच असतो.

मृद्गंध
@पाचवा गिअर, पुराकडून वसुली करता येत नाही. धडक देणाऱ्याकडून करता येते, त्याचा विमा त्यासाठीच सक्तीचा केलाय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. त्यातून माझा बंपर झाला तर माझ्या बोनसला हात लागत नाही. मग ते पैसे मिळत का नाहीत, हे कुणी सांगेल का?

सर्व्हेअर
सांगतो. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं: अर्ज, कागदपत्रं, वकील, तारखा. १७,००० साठी कोण जाणार? कंपन्याही एकमेकींकडून वसुलीच्या मागे लागत नाहीत. ‘नॉक फॉर नॉक’ म्हणजे ज्याने त्याने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करावी, असा त्यांच्यातला जुना करार आहे. खर्च वाचतो, आणि दीर्घकाळात हिशेब सारखाच होतो.

घाटरस्ता
कंपन्यांचा हिशेब सारखा होतो हो! माझा कुठे होतो? त्यांचा वसुलीचा खर्च वाचतो आणि त्याची किंमत माझ्या बोनसमधून जाते. हा करार ग्राहकाला विचारून झालेला नाही. वसुली न करणं हा कंपनीचा निर्णय असेल तर त्याचा तोटाही कंपनीनेच सोसावा.

हिशेबी
हा मुद्दा बिनतोड आहे. एवढ्यापुरतं धागाकर्त्याशी सहमत. नियम बदलेपर्यंत एनसीबी (नो क्लेम बोनस) प्रोटेक्टचं, म्हणजे क्लेम करूनही बोनस टिकवणारं अ‍ॅड-ऑन बघा, पण किती क्लेमपर्यंत बोनस टिकतो ते वाचूनच घ्या. आणि क्लेम लपवून दुसऱ्या कंपनीकडे बोनस मागू नका. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, आणि पुढचा मोठा क्लेम त्यावरून अडकतो.

पाचवा गिअर
माझा विरोध कायम. पण मधला मार्ग सुचवतो: कुठल्याही छोट्या क्लेमला बोनस शून्य न करता एक पायरी खाली आणा, ५० वरून ४५. चूक कुणाची हे ठरवायची गरजच नाही, त्यामुळे सर्व्हेअर म्हणतात ती खोटेपणाची भीतीही कमी.

मृद्गंध
एक पायरी तरी का? चूक नसताना ५ टक्के जाणं हे ५० टक्के जाण्यापेक्षा बरं, पण आहे तो दंडच. छोट्या दाव्यांसाठी वेगळी, वकिलाशिवाय चालणारी सोय करा. व्हिडिओ अपलोड, दोन्ही कंपन्यांना नोटीस, ठरावीक मुदतीत निकाल.

सर्व्हेअर
@मृद्गंध, अशी सोय झाली तर मी स्वतः स्वागत करेन. पण ठोकणाऱ्याचा विमाच नसेल तर? रस्त्यावर अशा गाड्या कमी नाहीत. तिथे वसुलीसाठी समोर कंपनीच नाही, मालक हात वर करतो, आणि तुमच्याकडे तुमची स्वतःची पॉलिसीच उरते. त्या माणसाचा बोनस वाचवायचा असेल तर पैसे कुणाच्या खात्यातून जाणार, ते आधी ठरवा.

घाटरस्ता
माझ्या कंपनीच्या. हप्ता मी तिला त्यासाठीच देतो.