मदत हवी आहे: पायथनमधलं 'दर=दर, मुदत=मुदत' कसं टाळावं?

नमस्कार मंडळी,

कर्जाचे हप्ते काढणाऱ्या एका पायथन पॅकेजवर आमची टीम काम करते. त्यातली फंक्शन्स तीच मूल्यं थराथरांतून खाली देत जातात, म्हणून जागोजागी असं दिसतं:

हप्ता_काढा(मुद्दल=मुद्दल, दर=दर, मुदत=मुदत)

(नावं इथे मराठीत लिहिली आहेत. पायथन ३ मध्ये अशी नावं चालतातही.)

नावं देणं मला सोडायचं नाही. दर आणि मुदत दोन्ही नुसते आकडे. क्रम चुकला तर एरर येत नाही, चुकीचा हप्ता गुपचूप बाहेर पडतो. म्हणून व्याख्येत सुरुवातीलाच * घालून नावं सक्तीची केली आहेत. पण टीममधले काहीजण या पुनरुक्तीला कंटाळून तो * काढा म्हणताहेत, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

रुबी भाषेत ३.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, व्हेरिएबलचं नाव तेच असेल तर (मुद्दल:, दर:, मुदत:) एवढं पुरतं. जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टमध्ये आणि रस्टच्या स्ट्रक्टमध्येही अशी सोय आहे. पायथनसाठी पेप ७३६ मध्ये (पेप म्हणजे भाषेत बदल सुचवणारा प्रस्ताव) (मुद्दल=, दर=, मुदत=) असं सुचवलं होतं, पण २०२५ मध्ये पायथनच्या सुकाणू समितीने ते फेटाळलं. '=' नंतर काहीच नसलं की ओळ अर्धवट राहिल्यासारखी वाटते, हा आक्षेप मला पटतो. रुबीत तर कंस न घालता 'दर:' वर ओळ संपवली की पुढच्या ओळीतली किंमतच दर म्हणून उचलली जाते. पायथनमध्ये कॉलला कंस लागतोच, त्यामुळे ही भीती नाही. म्हणून मला तरी ही सोय हवी होती.

आता ती नाही, तर काय करावं? एका सहकाऱ्याने लोकल्स(), म्हणजे फंक्शनमधली सगळी व्हेरिएबल्स एकदम देणं, सुचवलं, पण त्यात फंक्शनमधली इतर व्हेरिएबल्सही जातात आणि टाइप तपासणी निकामी होते. ते मी घेणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे 'कर्ज' नावाचा डेटाक्लास (ही सगळी मूल्यं एकत्र ठेवणारा क्लास) करून तो एकच खाली देणं. पण काही फंक्शन्सना फक्त दर आणि मुदत लागते. त्यांनाही अख्खं कर्ज द्यायचं का? टेस्ट लिहिताना मग उगाच मुद्दलही बनवावं लागेल.

मोठ्या कोडमध्ये कुणी असा डेटाक्लास नंतर घुसवला असेल, तर कुठल्या थरापर्यंत नेला आणि कुठे सुटी मूल्यं ठेवली, ते कृपया सांगा.