बंद धमनी उघडताना: सबुरीने की झटपट?

घोडबंदरकर:
हार्ट अटॅकमध्ये हृदयाची बंद धमनी तातडीने उघडताना (प्रायमरी अँजिओप्लास्टी) वायर गुठळीतून गेली की बलून, मग स्टेंट, फ्लो (रक्तप्रवाह) दिसला की ग्लोव्हज काढायचे. हे मला अपुरं वाटतं. रक्त एकदम परतलं की पेशींमधली आम्लता झपाट्याने उतरते, आत कॅल्शियम साचतं, मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची) छिद्रं उघडतात आणि वाचू शकणारी पेशीही मरते. २००५ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात फ्लो आल्यावर पहिल्याच मिनिटात बलून १ मिनिट फुगवला, १ मिनिट सोडला, असं ४ वेळा. सीके (हृदयाचा स्नायू मेला की रक्तात वाढणारं एन्झाइम) ३६ टक्क्यांनी कमी! जादा सामान शून्य, वेळ ८ मिनिटं. मग प्रत्येक केसमध्ये का नको?

वाशीकर:
कारण तो अभ्यास ३० रुग्णांचा होता. डॅनामी-३ या अभ्यासात १,२३४ रुग्णांवर ३० सेकंदांची ४ आवर्तनं झाली. मृत्यू आणि हार्ट फेल्युअरमध्ये ठोस फरक नाही. हृदयाऐवजी दंडाला बीपीचा पट्टा बांधून ५ मिनिटं फुगवणं, ५ मिनिटं सोडणं, हेही २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांवर करून झालं. हाती काही नाही. सायक्लोस्पोरिन या औषधाचंही तेच. शिवाय दर फुगवणीला गुठळीचा चुरा खालच्या बारीक वाहिन्यांत उतरण्याची भीती. तुमच्याच घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या वाहतूक कोंडीत जाणारा पाऊण तास स्नायूचं जास्त नुकसान करतो, त्यावर बोला.

ऐरोली_कॅथलॅब:
चुऱ्याची एवढी भीती असेल तर गुठळी आधी ओढून का घेत नाही? चुकतं ते हाताळणीत. गाइड कॅथेटर (सामान आत नेणारी मुख्य नळी) धमनीच्या मुखाशी नीट बसलेला हवा. सक्शन गुठळीच्या अलीकडेच सुरू करायचं आणि ओढणारा कॅथेटर पूर्ण बाहेर येईपर्यंत सोडायचं नाही. सिरिंजमध्ये रक्त यायचं थांबलं तर तोंडाशी गुठळी अडकली आहे. तिथे सक्शन सोडलं की ती महाधमनीत जाते, तिथून मेंदूत. बाहेर काढल्यावर गाइडमधून रक्त वाहू द्या, मगच डाय (एक्स-रेत धमनी दाखवणारं द्रव्य).

वाशीकर:
पद्धत बिनचूक, पण ‘आधी ओढा’ हा नियम नको. ‘टोटल’ नावाच्या अभ्यासात (२०१५, दहा हजारांवर रुग्ण) सक्शन केलेल्यांत ३० दिवसांत पक्षाघात ०.७ टक्के, सक्शन न केलेल्यांत ०.३. ढीगभर गुठळी दिसली तरच.

कळवा_नाका:
तिघेही नो-रिफ्लोबद्दल गप्प! धमनी उघडी, पण स्नायूत रक्त नाही, ही खरी डोकेदुखी. आधी डिसेक्शन (धमनीचा आतला थर फाटणं) आणि स्पॅझम (धमनी आवळणं) नाही याची खात्री करा. मग वाहिन्या रुंदावणारं ॲडेनोसिन किंवा नायट्रोप्रुसाइड ५० ते २०० मायक्रोग्रॅम, तेही मायक्रोकॅथेटरने (अगदी बारीक नळीने) पुढे नेऊन. गाइडमधून दिलं तर औषध ज्या फांदीत रक्त वाहतंय तिकडेच निघून जातं. बीपी पडलेलं असेल तर नायट्रोप्रुसाइड हातात घेऊ नका. आणि स्टेंट चकचकीत दिसावा म्हणून पुन्हा उच्च दाबाने फुगवण्याची हौस आवरा.

घोडबंदरकर:
मायक्रोकॅथेटरचा मुद्दा मान्य. पण पेशीच्या इजेवर तुमच्यापैकी कोणाकडेच काही नाही, म्हणून माझा हट्ट.

वाशीकर:
इजा कमी करायची तर बंद असण्याचा वेळ कमी करा. शहापूर, मुरबाडकडचा रुग्ण निदानापासून १२० मिनिटांत टेबलावर येणार नसेल आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर तिथेच टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन): ६० किलोखाली ३० मिग्रॅ, ९० आणि वर ५०. ठाण्याला लगेच हलवा. ६० ते ९० मिनिटांत ईसीजीतला वर चढलेला एसटी भाग निम्म्याने उतरला नाही तर तडक कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली).

कळवा_नाका:
पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना अर्धा डोस, हे लिहायचं राहिलं. मेंदूत रक्तस्राव त्यांनाच जास्त होतो.